सी प्रोग्राममध्ये व्हाइल लूप चालू असताना स्टॉप बटण का ऐकत नाही?

रत्नागिरीतल्या आंबा पॅकिंग शेडचा पट्टा, स्टेपर मोटर (दर पल्सला एक पाऊल फिरणारी), टोकाला लिमिट स्विच (पट्टा टोकाला पोचला की दाबला जाणारा). पट्टा धावत असताना स्टॉप दाबलं तरी थांबत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोष लूपच्या अटीत आहे. व्हाइलच्या कंसात फक्त लिमिट स्विच तपासलात, तर तो दाबला जाईपर्यंत प्रोग्राम तिथेच फिरत राहतो. लूपच्या खाली लिहिलेल्या इफपर्यंत तो पोचतच नाही.

मी असं करेन: मुख्य लूप एकच, कायम फिरणारा. आत स्विच-केस, म्हणजे पट्ट्याच्या प्रत्येक अवस्थेसाठी वेगळा भाग: थांबलेला, होमिंग (लिमिट स्विचपर्यंत जाऊन सुरुवातीची जागा शोधणं), धावतोय, बिघाड. प्रत्येक फेरीत आधी स्टॉप आणि लिमिट तपासायचे, मग पाळी आली असेल तर एकच पल्स द्यायची आणि स्विच-केसमधून बाहेर पडायचं. डिले वापरू नका, तेवढा वेळ प्रोग्राम अडकून राहतो; टायमर बघा. प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक हवाच, नाहीतर अंमल सरळ पुढच्या केसमध्ये घुसतो आणि थांबलेली मोटर अचानक होमिंगला निघते. बटण इंटरप्टवर (दाबताच चालू काम मधेच थांबवून वेगळा कोड चालवणाऱ्या सोयीवर) असेल तर त्याचं चल व्होलाटाइल ठेवा, म्हणजे त्याची किंमत दरवेळी नव्याने वाचली जाते.

लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा, म्हणजे न दाबलेला असताना सर्किट जोडलेलं आणि दाबला की तुटलेलं. खाऱ्या हवेत कॉन्टॅक्ट गंजतात. वायर तुटली तरी मशीन थांबलंच पाहिजे. लाईट जाऊन आली की पट्टा कुठे आहे हे प्रोग्रामला ठाऊक नसतं, म्हणून स्टार्ट दाबल्यावर आधी होमिंगच.

आणि इमर्जन्सी स्टॉप कोडच्या भरवशावर कृपया ठेवू नका. तो थेट मोटरचा पुरवठा तोडणारा हवा, पट्ट्याशी माणसांचे हात असतात.