ट्यूब अ‍ॅम्पच्या लूपमध्ये लावायला कोणता रॅक इफेक्ट प्रोसेसर घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन चॅनलचा ४० वॉटचा ट्यूब कॉम्बो (एकाच पेटीत अ‍ॅम्प आणि स्पीकर) आहे, मागे लूपचे सेंड-रिटर्न (आवाज बाहेर पाठवून परत घेणारे जॅक) आहेत, मुख्यतः रॉक वाजवता आणि गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रालाही जाता. पायाखालचा पेडलांचा पसारा आवरून एकच रॅक प्रोसेसर घ्यायचाय. यादीत टीसी इलेक्ट्रॉनिकचा जी-मेजर, लेक्सिकॉनचा एमपीएक्स जी२, रॉकट्रॉनचा इंटेलिफेक्स आणि यामाहाचा एसपीएक्स९० आहेत. हे सगळे जुने, म्हणजे सेकंडहँडच मिळणार. पैसे जमले तर फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स, असंही लिहिलंय.

हे डबे लोक पुढून बघून घेतात, मी मागून बघून घ्या म्हणेन. किती प्रकारचे रिव्हर्ब (खोलीसारखा घुमणारा आवाज) आहेत, किती पॅच (साठवलेल्या सेटिंग) आहेत हे विकणारा न विचारता सांगतो. पण डबा तुमच्या अ‍ॅम्पशी जुळेल की नाही, तो मंडपातल्या विजेवर टिकेल की नाही आणि पायाने चालवता येईल की नाही, हे सगळं त्याच्या पाठीवरचे जॅक, स्विच आणि व्होल्टेजची पट्टी सांगते.

सुरुवात मात्र अ‍ॅम्पपासून करा. तुमचं डिस्टॉर्शन अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पमधून, म्हणजे टोन घडवणाऱ्या पहिल्या भागातून येतं. डिले आणि रिव्हर्ब त्याच्या आधी लावले तर प्रत्येक प्रतिध्वनीही चिरडला जातो आणि सगळ्याचा चिखल होतो, म्हणून ते लूपमध्ये, म्हणजे प्रीअ‍ॅम्प आणि स्पीकर हलवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पच्या मधे लावायचे. इथपर्यंत तुम्हाला ठाऊक असणारच. पण तुमचा लूप सिरीज (सगळा आवाज डब्यातून जाणारा) आहे की पॅरलल (मूळ आवाज आतूनही जाणारा), हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि अर्धा निर्णय तिथेच होतो.

मॅन्युअल हरवलं असेल तर ओळखायची सोपी रीत आहे. लूपला मिक्सची घुंडी असेल तर ती मध्यावर ठेवा, लूप चालू ठेवा आणि एक केबल फक्त रिटर्नमध्ये खोचा, दुसरं टोक मोकळं सोडा. आता हळू आवाजात एक कॉर्ड वाजवा. गिटार गप्प झाली तर लूप सिरीज. गिटार ऐकू येतच राहिली तर पॅरलल, कारण मूळ आवाजाची एक वाट आतून तशीच चालू असते.

पॅरलल लूपमध्ये प्रोसेसरने फक्त इफेक्ट परत पाठवायचा असतो, मूळ आवाज नाही. डिजिटल डब्यातून जाऊन आलेला मूळ आवाज मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आतून आलेल्या आवाजात मिसळतो, आणि टोन पाइपातून आल्यासारखा पोकळ होतो. त्यावर उपाय म्हणजे प्रोसेसरमधला मूळ आवाज पूर्ण बंद करणं. जी-मेजरमध्ये त्यासाठी ‘किल ड्राय’ नावाची वेगळी सोय आहे. इतरांमध्ये प्रत्येक पॅचचा मिक्स शंभर टक्क्यांवर न्यावा लागतो. अडचण अशी की कॉम्प्रेसर, ट्रेमोलो, ईक्यू यांना मूळ आवाजच बदलायचा असतो, त्यामुळे पॅरलल लूपमध्ये ते नीट चालत नाहीत. सिरीज लूप असेल तर ही कटकट नाही, फक्त तुमचा सगळा टोन त्या डब्याच्या कन्व्हर्टरमधून (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या सर्किटमधून) जाणार हे गृहीत धरायचं.

दुसरी गोष्ट लेव्हलची. स्टुडिओच्या सामानाची लेव्हल +४ डीबीयू, म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. घरगुती सामानाची −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३२ व्होल्टच्या आसपास. दोन्हींत जवळजवळ १२ डीबीचा फरक, आणि पेडलसाठी बनवलेले काही लूप याहूनही हळू असतात. अ‍ॅम्प हळू बोलणारा आणि डबा मोठ्या आवाजाची वाट बघणारा असला की डब्याला पुरेसा सिग्नल मिळत नाही, मग तुम्ही आउटपुट चढवता आणि त्याबरोबर सूंऽऽ आवाजही चढतो. उलट झालं तर डिजिटल क्लिपिंग (सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन कापला जाणं), आणि ते ट्यूबसारखं गोड फुटत नाही, कचकन तुटतं. एसपीएक्स९० च्या मागे −२० आणि +४ असा स्विच आहे, त्यामुळे मूळचा स्टुडिओचा डबा असूनही तो गिटारच्या लूपमध्ये सुखाने राहतो. असा स्विच किंवा इनपुटची मोकळी घुंडी नसलेला डबा लूपसाठी घेऊ नका.

लेव्हल बसवताना आधी सेंडपासून रिटर्नला साधी केबल जोडून आवाज कानात साठवा. मग डबा मधे घाला, त्यातले इफेक्ट बायपास (बंद) करा. तुमच्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या सोलोला (बूस्ट वापरत असाल तर तो चालू ठेवून) इनपुटचा दिवा लाल होण्याच्या जरासा अलीकडे राहील असं बघा. शेवटी आउटपुट इतकंच ठेवा की साध्या केबलइतका आवाज येईल. ऑर्केस्ट्रात साउंडवाल्याशी होणारी अर्धी भांडणं इथे मिटतात.

आता तुमची यादी. जी-मेजर हा फक्त एक युनिट उंचीचा, म्हणजे ४४ मिलिमीटरच्या आसपास. त्याचे रिव्हर्ब आणि डिले स्वच्छ आहेत, काहींना जरा जास्तच स्वच्छ वाटतात. मला त्यात आवडते ती मागची एक दुर्लक्षित सोय: अ‍ॅम्पचे चॅनल बदलणारा रिले (विजेने चालणारा स्विच) जॅक. पायाने एकच बटण दाबलं की अ‍ॅम्प क्लीनवरून लीडवर जातो आणि त्याच क्षणी डिलेही बदलतो. दोन चॅनलच्या अ‍ॅम्पवाल्याला याहून उपयोगाचं काही नाही. मात्र तुमच्या अ‍ॅम्पचा फूटस्विच साधा, दोन तारा जुळवणारा असला पाहिजे. आत दिवे आणि सर्किट असलेला असेल तर आधी खात्री करा.

एमपीएक्स जी२ ची गंमत वेगळी. त्याचे काही इफेक्ट अ‍ॅम्पच्या आधी आणि काही लूपमध्ये लावता येतात, एकाच डब्यातून. वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह पुढे. कोरस, डिले, रिव्हर्ब मागे. गिटारची एक, अ‍ॅम्पच्या इनपुटची एक, लूपच्या दोन, अशा चार केबल लागतात. लेक्सिकॉनचा रिव्हर्ब तो लेक्सिकॉनचाच, त्याबद्दल वाद नाही. पण छोट्या पडद्यावर मेनूत मेनू उघडत पॅच बनवायचे म्हणजे रविवार गेला समजा. त्यात रमणारा माणूस असाल तर हा घ्या. तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून तुम्ही तसे वाटत नाही.

इंटेलिफेक्समध्ये हश ही रॉकट्रॉनची नॉइज कमी करणारी यंत्रणा आहे, आणि ती खरोखर काम करते. हाय गेनवर थांबलात की शांतता. त्याचा कोरस आणि अनेक टॅपचा डिले सोलोला भरगच्च करतो. त्याला अडॅप्टर मात्र ९ व्होल्ट एसीचा लागतो, पेडलचा नेहमीचा डीसीवाला चालणार नाही. विकणारा अडॅप्टर देत नसेल तर ते आधी लक्षात घ्या. तसा ट्रान्सफॉर्मर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बनवून मिळतो, पण व्होल्टबरोबर किती अँपिअर हेही लेबल बघून सांगा.

एसपीएक्स९० हा १९८५ चा. एक इनपुट, दोन आउटपुट, एका वेळी बहुतेक एकच इफेक्ट, आणि त्याच्या इफेक्टचा आवाज १२ किलोहर्ट्झच्या वर जातच नाही. कागदावर हे गरीब वाटतं. पण गिटारचा १२ इंची स्पीकर ५–६ किलोहर्ट्झनंतर तसाही मान टाकतो, तेव्हा वरचं ऐकायला तिथे कोणी नसतं. ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग वगैरे आकड्यांसाठी गिटारवाल्याने जास्तीचे पैसे मोजू नयेत. त्याचा ‘सिम्फोनिक’ हा कोरसचा प्रकार क्लीन आवाजावर अजून कोणी हुबेहूब केलाय असं मला वाटत नाही. पण एकमेव डबा म्हणून हा तुम्हाला पुरणार नाही, कारण डिलेबरोबर रिव्हर्ब हवाच असतो.

अ‍ॅक्स-एफएक्स ३ (२०१८ पासून) उत्तमच आहे. पण त्याची खरी किंमत अ‍ॅम्प आणि कॅबिनेटच्या नकलेसाठी आहे. ट्यूब अ‍ॅम्प ठेवणार असाल तर त्यातलं निम्मं बंद करून ठेवाल. अ‍ॅम्प विकून सरळ पीएमध्ये (कार्यक्रमाच्या साउंड सिस्टिममध्ये) जाणार असाल तर वेगळा विषय.

पायाचं काय, हे तुम्ही विचारलेलंच नाही. रॅक मागे राहणार, म्हणजे मिडी बोर्ड (तारेने डब्याला हुकूम देणारी पायाची बटणं) घ्यावाच लागणार आणि तो खर्च आधीच धरा. बेहरिंगरचा एफसीबी१०१० सगळीकडे दिसतो: दहा बटणं, दोन एक्स्प्रेशन पेडल. अवजड आहे आणि त्याला स्वतःची वीज लागते. प्रोग्राम बदलताना जुने डबे क्षणभर गप्प होतात किंवा डिलेची शेपटी कापतात. घेण्याआधी हे ऐकाच: लांब डिले लावा, एक नोट सोडा आणि ती विरत असतानाच पॅच बदला. ते खटकलं तर प्रत्येक गाण्याला वेगळा पॅच करण्यापेक्षा एकच पॅच ठेवून त्यातले इफेक्ट मिडीच्या कंट्रोल चेंजने चालू-बंद करा.

स्टिरिओचा मोह सध्या आवरा. एका कॉम्बोवर स्टिरिओ डबाही मोनोच वाजणार. एडी व्हॅन हेलनने नंतरच्या काळात मधल्या कॅबिनेटमधून कोरडा आवाज आणि बाजूच्या दोघांतून रोलंडच्या एसडीई-३००० चे डिले अशी मांडणी केली होती. ऐकायला स्वर्ग, पण टेम्पोत चढवायला माणसं त्यांच्याकडे होती.

आता वीज. डबा जपानमधून आलेला असेल तर तो १०० व्होल्टचा असू शकतो, अमेरिकेतला १२० चा. आपल्याकडे २३०. आत ट्रान्सफॉर्मर असलेला जुना यामाहा थेट लावलात तर धूर निघेल. ‘परदेशी माल आहे, चालतो’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका, मागची पट्टी वाचा. १०० ते २४० लिहिलेलं असेल तर मंडपातल्या जनरेटरवरही तो बराच निवांत असतो. नसेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर धरा, आणि त्याचं वजनही धरा.

हमबद्दल एक सांगतो, कारण रॅक घेतल्यावर पहिली तक्रार तीच येते. अ‍ॅम्पलाही अर्थ, डब्यालाही अर्थ, आणि मधे केबलची जाळी. त्यातून चक्र तयार होतं आणि घूंऽऽ सुरू होतं. काही जण प्लगची अर्थची पिन कापतात. हे कधीही करू नका, गिटार आणि माइक एकाच वेळी हाताओठांना लागतात आणि शॉक जिवावर बेतू शकतो. दोघांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरून वीज द्या, डबा रॅकच्या लोखंडी पट्टीला जिथे टेकतो तिथे प्लॅस्टिकचे वॉशर घाला आणि तरी राहिलं तर रिटर्नच्या केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. ज्या मंडपात अर्थिंगच नाही तिथे आधी इलेक्ट्रिशियनला हाक मारा, मगच गिटार जोडा.

डबा बघायला जाताना स्वतःचा अ‍ॅम्प किंवा निदान हेडफोन न्या. जॅक हलवून बघा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ते काळे पडतात आणि खरखरतात. ते साफ होतं, त्यावर भाव पाडा. एखादा पॅच सेव्ह करा, डबा बंद करून पुन्हा लावा. पॅच गेला असेल तर मेमरीची बॅटरी संपलीय. ती बरेचदा बोर्डावर सोल्डर केलेली असते, बदलणं स्वस्त आहे, पण जुने पॅच गेले ते गेले. घुंडी फिरवताना आकडे उड्या मारत असतील किंवा पडद्यावर काही दिसतच नसेल, तर मी सोडून देईन.

लूप सिरीज असेल आणि फूटस्विच साधा असेल तर तुमच्यासाठी जी-मेजर, त्या रिलेसाठी. लूप पॅरलल असेल तरी तोच, किल ड्राय लावून. आणि मनाशी हिशेब करून बघा: सगळ्या रात्रीत तुम्हाला दोन डिले, एक रिव्हर्ब आणि थोडा कोरस एवढंच लागत असेल, तर लाइन ६ चा एचएक्स इफेक्ट्स जमिनीवर ठेवा. त्यात अ‍ॅम्पच्या आधीचे आणि लूपमधले इफेक्ट एकत्र जमतात, लेव्हल मेनूतून बदलता येते, वेगळा मिडी बोर्ड लागत नाही आणि लोकलमध्ये पाठीवर मावतो. रॅकचा सोस असेल तर तो भाग वेगळा, आणि तो मलाही आहे.