रक्ताचा कर्करोग: तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न: सहा वर्षांच्या मुलाचा ताप तीन आठवडे येतो-जातो. डेंग्यूची चाचणी दोनदा निगेटिव्ह आली, प्लेटलेट 60 हजार. शेजारी पपईच्या पानांचा रस द्या म्हणतात, डॉक्टर स्मिअर करा म्हणतात. (वाळपई)

डॉक्टरांचे ऐका, आणि उद्याच करा. पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट म्हटले की गोव्यात सगळ्यांना डेंग्यू आठवतो, त्यात चूक काही नाही. पण डेंग्यूत प्लेटलेट साधारण दहा दिवसांत सावरू लागतात. तीन आठवडे झाले तरी त्या खालीच असतील, तर रक्त जिथे तयार होते त्या अस्थिमज्जेकडे पाहायला हवे. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, तिथे ब्लास्ट नावाच्या अपक्व पेशी बेसुमार वाढतात आणि तांबड्या पेशी, प्लेटलेट यांना जागाच उरत नाही. म्हणून मूल फिकट पडते, अंगावर जांभळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते, रात्री पाय दुखतात.

स्मिअर म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. मशीन पेशी मोजते. त्या दिसतात कशा, हे पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी पाहावे लागते. कदाचित साधेच काही निघेल. मात्र तोवर कुणी स्टेरॉइड लिहून दिले तर स्मिअर झाल्याशिवाय देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. स्टेरॉइडने मूल चार दिवस टवटवीत दिसते, ब्लास्ट दडून बसतात आणि निदान लांबते.

प्रश्न: बोन मॅरो (अस्थिमज्जा) तपासणीने पाय लुळे पडतात का? (डिचोली)

नाही. सुई कमरेच्या हाडात मागून, जागा बधिर करून घालतात. मज्जारज्जू तिथे नसतोच. ही तपासणी टाळू नका, कारण ल्युकेमिया अनेक प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचे औषध वेगळे. एपीएल या प्रकारात सुरुवातीच्या दिवसांत रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो. तोच वेळेवर ओळखला तर एट्रा आणि आर्सेनिक या औषधांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.

प्रश्न: वडिलांना काही त्रास नव्हता, पण पांढऱ्या पेशी 1 लाख 20 हजार निघाल्या. सीएमएल (हळू वाढणारा ल्युकेमिया) म्हणतात. आता गोळीने आकडा उतरला, गोळी थांबवावी का? (फोंडा)

स्वतःहून मुळीच नाही. या आजाराच्या मुळाशी असलेला फिलाडेल्फिया क्रोमोसोम (बिघडलेले गुणसूत्र) 1960 मध्ये सापडला आणि त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाला रोखणारी इमॅटिनिब ही गोळी 2001 मध्ये आली. पूर्वी काही वर्षांत प्राण घेणारा हा आजार आता मधुमेहासारखा सांभाळता येतो. आकडा उतरला तो गोळीमुळेच. आजार किती उरला हे दाखवणारी बीसीआर-एबीएलची चाचणी ठरल्या वेळी करा. काही जणांची गोळी पुढे थांबवता येते, पण वर्षानुवर्षे अहवाल चांगला असेल तरच आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

प्रश्न: नातीला एएलएल (मुलांत जास्त आढळणारा ल्युकेमिया) आहे. आठ महिन्यांच्या केमोनंतर ती खेळते, जेवते. उपचार पुरे करावेत असे घरी वाटते. शिवाय चवथीला गावी न्यावे का? (पेडणे)

आजी, ती खेळतेय याचा मलाही आनंद आहे. पण स्मिअरमध्ये न दिसणाऱ्या पेशीही अंगात उरतात, म्हणून हे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. मध्येच सोडल्यावर उलटलेला आजार आटोक्यात आणणे फार कठीण जाते. लहान मुलांमध्ये हा आजार पूर्ण बरा होऊ शकतो, तेव्हा राहिलेले महिने सोडू नका.

चवथीला जाण्याआधी रक्त तपासून डॉक्टरांना विचारा. गर्दी, सर्दी-तापाची माणसे आणि उघड्यावरचे खाणे टाळा, गोळ्या बरोबर ठेवा. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. आरती चालू असली तरी त्याच तासाला तिला इस्पितळात न्या, आणि केमो चालू आहे हे दारातच सांगा.