वाचकांचे प्रश्न : नमुना कसा वाचावा?

प्रश्न : मी राळेगाव तालुक्यातील एका खेड्यात शेती करतो. रहस्यकादंबऱ्या आवडीने वाचतो आणि धुऱ्याच्या वादातून झालेल्या खुनाची, आपल्याच गावात घडणारी कादंबरी लिहावी असे मनात आहे. आवडत्या कादंबऱ्या समोर ठेवून लिहिले तर ती नक्कल ठरेल काय?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नमुना समोर ठेवण्यात कमीपणा मुळीच नाही, मात्र गुन्हेगार कोण हे कळल्यानंतर ती कादंबरी वही घेऊन पुन्हा वाचावी, आणि प्रत्येक धागा कोणत्या पानावर आला व त्या वेळी लेखकाने आपले लक्ष दुसरीकडे कसे गुंतवले होते, हे टिपत जावे.

सरावासाठी आधी एखादी कथा घ्यावी. कॉनन डॉयल यांच्या १८९२ मधील ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो आणि तरीही कुत्रा भुंकत नाही, यावरून शेरलॉक होम्स ताडतो की आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. तबेल्यात कुत्रा आहे, हे वाचकाला फार आधी सांगितलेले असते : संध्याकाळी आलेल्या परक्या माणसावर सोडण्यासाठी तबेल्यातला पोरगा कुत्र्याकडे धावतो तेव्हा. त्या धांदलीत आपण परक्या माणसाकडेच पाहत राहतो. रहस्य लपवण्याची निम्मी कला या मांडणीत आहे, असे मला मनापासून वाटते.

आपण कुत्रा उचलू नये, मांडणी घ्यावी. रोही आणि रानडुकरे हाकलण्यासाठी जागलीवरची माणसे रात्रभर डबे वाजवतात. खुनाच्या रात्री एकाच वावरातला डबा मध्येच थांबला, हे धुऱ्यावरच्या कडाक्याच्या भांडणाच्या प्रसंगात कोणाच्या तरी तोंडून ओझरते येऊ द्यावे. भांडण इतके खरे उतरले पाहिजे की वाचकाला डब्याची आठवण राहू नये. ही नक्कल नव्हे, कारण जागल, धुरा आणि त्यामागचे वैर आपल्या गावचे आहे.

परदेशी कादंबरीतला खासगी गुप्तहेर मात्र गावात आणू नये. आपल्याकडे पोलीस पाटील आहे. १९६७ च्या कायद्याने नेमलेला हा माणूस ठाण्याला खबर देतो, पण गुन्ह्याचा तपास ठाण्याचा अधिकारी करतो. आणि पाटलाला तर त्याच गावात, दोन्ही घरांच्या शेजारी, पुढेही राहायचे असते. त्याला कळलेले तो कधी सांगतो आणि कधी सांगत नाही, यावर आपली अर्धी कादंबरी उभी राहू शकेल.