आधी बाईंकडे बैस

चि. —, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अस्वस्थ झाले. समुपदेशक म्हणून तीन शाळा तुझ्या वाट्याला, दाराशी मुलांची रांग, आणि "याला जरा समजवा" म्हणून पाठवलेलं मूल आठवड्याभराने परत तुझ्यासमोर. आपल्यातच काही कमी आहे का, असं विचारतेस. तू काम चुकीच्या जागी बसून करते आहेस, एवढंच. अडचण वर्गात घडते, वर्ग बाईंचा आहे. म्हणून आधी बाईंकडे बैस, मग मुलाकडे.

तू पानभर लिहिलं आहेस तो पाचवीचा मुलगाच घे. चौथीपर्यंत मराठी शाळा, घरी कोंकणी, आणि यंदा एकदम सगळं इंग्रजीतून. बाई म्हणतात, लक्ष नाही, उद्धट आहे, सारखा पाण्याला जातो. तू त्याला कुठल्या तासाला बोलावतेस? विज्ञानाच्या. म्हणजे मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली की तो तुझ्या खोलीत. त्याला नेमकं तेच हवं होतं. त्याच्या पळण्याला तुझीच खोली मदत करते, आणि प्रश्न आता तुझा झाला असं बाईंना वाटू लागतं.

बाईंकडे बसायचं ते त्यांच्या मोकळ्या तासाला, १५-२० मिनिटं, स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत नव्हे. पहिल्या भेटीत एकही उपाय सांगायचा नाही. तो नेमकं काय करतो, कधी, लगेच आधी काय झालेलं असतं, नंतर तुम्ही काय करता, बाकीची मुलं काय करतात, एवढंच विचार. आणि कुठल्या तासाला तो असं मुळीच करत नाही, हेही. या प्रश्नातून सगळ्यात जास्त हाती लागतं आणि नेमका तोच सगळे विसरतात. "उद्धट" मोजता येत नाही; "विज्ञानाच्या तासाला किती वेळा उठला" मोजता येतं. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर पाच दिवस नुसत्या रेघा माराव्यात. गणेश चवथीच्या आसपासचा आणि परीक्षेचा आठवडा त्यात धरू नकोस.

मग तू मागच्या बाकावर बैस, २० मिनिटं. दर १५ सेकंदांनी एक खूण: कामात आहे की नाही. दर पाचवी खूण शेजारच्या एखाद्या मुलाची. ८० खुणांपैकी १६ शेजारच्या मुलाच्या होतात. दोघांचं प्रमाण सारखंच निघालं तर अडचण या एका मुलाची नाही, त्या तासाची आहे, आणि बाईंशी बोलणंही त्याप्रमाणे बदलतं. त्याआधी मुलाचे डोळे-कान तपासून घे. फळाच दिसत नसेल तर बाकी सगळं फुकट.

उपाय बाईंच्या तोंडून येऊ दे. या मुलापुरतं बहुधा असं निघेल: उद्याच्या धड्यातल्या दोन ओळी आज शाळा सुटताना त्याच्याकडून वाचून घ्यायच्या, वर्गात त्याची पाळी दुसरी-तिसरी लावायची आणि त्याच दोन ओळी वाचायला द्यायच्या, अडलेला शब्द कोंकणीत किंवा मराठीत बेलाशक सांगायचा, पाणी तास सुरू व्हायच्या आधीच प्यायचं. रोज पाच मिनिटांहून जास्त मागणारी योजना भरलेल्या वर्गात टिकत नाही, ती कागदावर कितीही सुंदर असो. बहुतेक योजना पडतात त्या चार दिवसांनी कुणी करतच नाही म्हणून. तेव्हा तिसऱ्या दिवशी जा, रेघा बघ, आलेख बाईंसमोरच काढ. निकाल मात्र दोन आठवड्यांआधी लावू नकोस.

"मुलांना न भेटणारी समुपदेशक" हे तुलाही ऐकावं लागेल. ऐकून घे. मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड कॅप्लन यांच्यासमोर इस्रायलमध्ये हजारो स्थलांतरित मुलं होती आणि हाताशी मोजकी माणसं. ते मुलांना दवाखान्यात बोलवायचे थांबले आणि संस्थांत जाऊन सांभाळणाऱ्यांशी बोलू लागले. शिक्षक चार कारणांनी अडतो, असं त्यांनी १९७० मध्ये मांडलं: माहिती नाही, कौशल्य नाही, आत्मविश्वास नाही, किंवा त्या मुलाकडे तटस्थपणे पाहता येत नाही. तुझ्या या बाईंना माहिती भरपूर आहे. डगमगला आहे तो आत्मविश्वास. त्यांना व्याख्यान देऊन काय होणार? मी या बाबतीत हट्टी आहे आणि राहणार. एका मुलाशी तू तासभर बोललीस तर एका मुलाला तास मिळाला. बाईंच्या हाताला वळण लागलं तर पुढच्या वर्षीच्या पाचवीलाही ते मिळतं.

हेडसर विचारतील, "बाई कशा शिकवतात?" उत्तर द्यायचं नाही. हे वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांना सांगून ठेव. एकदा जरी तू बोललीस, तरी स्टाफरूमचं दार तुला कायमचं बंद.

अपवाद ठाऊक असू दे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर त्याच दिवशी पालक आणि बांबोळीचं मनोरुग्णालय. अशा वेळी बाईंशी सल्लामसलतीत वेळ घालवायचा नाही.

पुढच्या पत्रात त्या मुलाच्या स्वभावाचं वर्णन नको. बाईंच्या वहीतल्या पाच दिवसांच्या रेघा पाठव.