अमेरिकेतली छोटी खेडी ओस पडलेली असतात का? तिथे इतिहास वगैरे काही असतो का?

त्या 'वगैरे'मुळे लिहायला बसलो. असाच सूर माझ्या थोरल्या भावाचा असतो आणि त्याच्याशी याच विषयावर माझं कित्येक वर्षं वाजलंय. त्यामुळे उत्तर लांबेल.

मी कॅन्ससमध्ये, विचिटात राहतो. आमचं मूळ गाव बार्शी तालुक्यातलं. काही वर्षांपूर्वी वडील आमच्याकडे राहायला आले होते. मॉल झाले, विमानांचं संग्रहालय झालं. दहाव्या दिवशी आबा म्हणाले, "हे समदं बघितलं. आता इथलं एखादं गाव दाव." माझ्या एका सहकाऱ्याची आजी निकोडिमस नावाच्या खेड्यातली. ते नाव तेवढं डोक्यात होतं, म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आबांना गाडीत घातलं आणि निघालो.

हेजपर्यंत मोठा रस्ता, तिथून उत्तरेला स्टॉकटन आणि मग २४ नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला. सगळे मिळून साडेतीन-चार तास. वाटेत दोन्ही बाजूंना तांबड्या कणसांचं बुटकं पीक होतं. आबांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले, एक कणीस मोडलं, तळहातावर चोळून फुंकर मारली आणि दाणा तोंडात टाकला. "आरं, ही तर जवारी!"

ज्वारीच ती. इथे तिला मायलो म्हणतात आणि अमेरिकेत सगळ्यांत जास्त ती कॅन्ससातच पिकते. पण कमरेएवढीच. यंत्राने कापायला सोपी जावी म्हणून बुटकी केलेली. आबांचा पहिला प्रश्न, "मग कडबा?" म्हटलं, इथे कडब्यासाठी कुणी ही पेरत नाही. दाणे जनावरांना जातात, नाहीतर इथेनॉलला. माणसं फारशी खात नाहीत. यावर आबा गाव येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, जणू मीच ती जनावरांपुढे टाकली होती.

गाव म्हणजे काय, तर पाच जुन्या इमारती (दोन चर्च, एक हॉटेल, एक शाळा, एक सभागृह) आणि इकडेतिकडे थोडी घरं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १४. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर इथेच संपतं. हो, असतात ओस.

आता दुसरा भाग. निकोडिमसची स्थापना १८७७ ची. गुलामगिरी संपून बारा वर्षं झाली होती आणि दक्षिणेतून केंद्राचं सैन्य त्याच वर्षी काढून घेतलं, म्हणजे काळ्या माणसांना तिथे उरलासुरला आधारही राहिला नाही. अशात केंटकीत पत्रकं फिरली की कॅन्ससमध्ये आपलं स्वतःचं गाव वसवतोय, चला. गाव वसवणारी कंपनी सहा काळ्या आणि एका गोऱ्या माणसाची. कायदा असा होता की १६० एकरांचा तुकडा नावावर लावायचा, पाच वर्षं तिथे राहून कसायचा, मग तो तुमचा. त्या सप्टेंबरात केंटकीहून सुमारे तीनशे माणसं आली.

आली आणि बघतात तर गावच नाही. नुसतं गवत. विलियाना हिकमन नावाची बाई पुढच्या वसंतात आली. वाटेत गोवराच्या साथीत त्यांच्या तांड्यातली काही पोरं दगावली होती. जवळ आल्यावर पुरुष ओरडले, आलं निकोडिमस! ती म्हणाली, कुठंय, मला तर दिसत नाही. नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला आणि सांगितलं, तेच. माणसं जमिनीत खणलेल्या घरांत राहत होती. ती तिथेच रडायला लागली. ही आठवण तिनेच पुढे सांगून ठेवली आहे.

हे मी आबांना मराठीत सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे पेवात माणसं राहिली." आमच्याकडे पेवात ज्वारी साठवायचे. इतकं नेमकं भाषांतर मला सुचलं नसतं.

पहिल्या हिवाळ्यात ओसेज या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या शिकाऱ्यांनी आपल्या शिकारीतला वाटा दिला म्हणून बरीच माणसं तगली, असं तिथे सांगतात. काही परत गेली. जी राहिली त्यांनी दहा वर्षांत शाळा, चर्च, हॉटेल, दुकानं आणि दोन वर्तमानपत्रं उभी केली. एडवर्ड मॅकेब हा इथला माणूस १८८२ मध्ये राज्याचा हिशेबतपासनीस म्हणून निवडून आला, राज्यभरच्या मतांवर. काळ्या माणसाने, त्या काळात! 'खेड्याला कसला इतिहास' म्हणणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातून त्या काळात कोण निवडून आलं होतं ते सांगावं.

मग रेल्वेने घात केला. मिझुरी पॅसिफिकचा फाटा गावात यावा म्हणून १८८७ मध्ये लोकांनी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. तो फाटा आलाच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकची लाइन आली, ती नदीच्या दक्षिणेकडून, काही मैलांवरून. तिथे बोग नावाचं गाव उभं राहिलं आणि इथल्या दुकानदारांनी बस्तान तिकडे हलवलं. आबा यावर नुसते हसले. बार्शीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. मोठी लाइन कुर्डुवाडीवरून गेली आणि आमच्या वाट्याला छोटी गाडी आली, तीही १८९७ मध्ये.

पुढे १९३० च्या दशकातला दुष्काळ आणि धुळीची वादळं. पोस्ट १९५३ मध्ये बंद झालं. दादा म्हणेल, झालं, संपलं गाव. पण १९९६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. आणि दरवर्षी जुलैच्या शेवटी तिथे माणसं जमतात, डेन्व्हरहून, कॅलिफोर्नियाहून, पणतू-खापरपणतू. ही प्रथा १८७८ पासूनची. तेव्हा १ ऑगस्टला भरायची, कारण ब्रिटिशांनी वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी त्या तारखेला रद्द केली होती.

पुढे एका जुलैत आम्ही तेही बघून आलो. मिरवणूक, प्रार्थना, भाजलेलं मांस, घराण्याची नावं छापलेले टीशर्ट. एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही कुणाकडचे?" विचारल्यावर माझ्या तोंडाकडे बघून त्यांनाच हसू आलं. आमच्या जत्रेत पारावर बसलेल्या आज्या दर पोराला हेच विचारतात.

हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. त्याचं म्हणणं ठरलेलं: "राहतं कोण गावात? घर विकून टाकू, जत्रेला हॉटेलात उतरू." मी म्हटलं, चौदा माणसांचं गाव दीडशे वर्षं जत्रा चालवतंय. त्यावर तो म्हणाला, "तू विचिटात बसून मला गाव शिकवू नकोस. पत्रे गळतात तेव्हा माणूस मी लावतो." हे खरं आहे आणि मला त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. तरी घर विकायच्या कागदावर मी सही केलेली नाही.

तर माझा सल्ला असा की भाऊ कितीही हिशेब मांडून दाखवू दे, गावातलं घर विकू नका. (हे तुम्ही विचारलं नव्हतं, मान्य.)

आणखी एक. मी एका खेड्यावरून बोलतोय, तेही दोनच फेऱ्यांच्या जोरावर. कॅन्ससात अशी कितीतरी गावं आहेत जिथे धान्याचं कोठार आणि बंद बँक एवढंच उरलंय आणि परत कुणी येत नाही. निकोडिमसला सरकारी दर्जा मिळाला म्हणून इमारती टिकल्या. आमच्या गावाला तो मिळणार नाही, हेही दादाने सुनावून झालंय.

जायचं असेल तर पेट्रोल आधीच भरा आणि डबा न्या. आम्ही चपात्या आणि शेंगाचटणी नेली होती, ती सभागृहासमोर बसून खाल्ली. ऑक्टोबरात ज्वारी उभी असते. कणीस मोडायचं तर शेतवाल्याला विचारून मोडा. आबांनी विचारलं नव्हतं.