पुंगळीच्या मानेची पकड कमी-जास्त का होते?

तुम्ही विचारलंय की टेक्सासमध्ये ३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या (काडतुसाची नळी) घरी पुन्हा भरता, पुंगळीची मान दाबणारा साचा म्हणजे डाय तीच, त्यातलं मानेचं माप ठरवणारं कडं म्हणजे बुशिंग तेच, तरी काही बुलेट अलगद बसतात आणि काहींना हँडलवर जोर द्यावा लागतो. तर बुशिंग बदलू का?

बदलू नका. आधी पुंगळ्या किती वेळा वापरल्या त्याप्रमाणे वेगळ्या करा.

मी इंदूरला टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच पितळेच्या डीप ड्रॉइंगवर, म्हणजे पत्रा साच्यात ओढून खोल आकार देण्याच्या कामावर. इकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे हे काम मी पाहिलं ते भाच्याच्या गॅरेजमध्ये, अमेरिकेत. त्याचीही हीच तक्रार. "मामा, डायच खराब आहे," असं म्हणून तो नवी मागवायला निघाला होता. मी मायक्रोमीटर मागितला. डायमधून काढलेली नवी मान बाहेरून ८.५३ मिमी, सात वेळा वापरलेली ८.५६. बुलेट बसल्यावर दोन्ही ८.५८. म्हणजे एकीला ०.०५ ची पकड, दुसरीला फक्त ०.०२, आणि दोन्ही एकाच डब्यातल्या.

याचं कारण पितळेतच आहे. पुंगळीचं पितळ साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. प्रत्येक वेळी काडतूस उडताना मान फुगते, डायमध्ये दबते, आणि दरवेळी थोडी कडक होते. कडक पितळ दाबलं की परत उसळतं, म्हणून जुनी मान डायमधून जरा रुंदच बाहेर येते आणि बुलेटला कमी पकडते. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात हंडे विकणाऱ्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, ठोकून कडक झालेलं भांडं पुन्हा ताव दिल्याशिवाय, म्हणजे तापवून मऊ केल्याशिवाय ठोकलं तर तडकतं.

मानेलाही तसाच ताव द्यावा लागतो. पण फक्त मान आणि खांद्याला. बूड कडकच राहिलं पाहिजे, सगळा दाब तेच झेलतं. चुकून बूड तापलं तर ती पुंगळी सरळ भंगारात. बरेच लोक तापवून लगेच पाण्यात टाकतात. पोलादासारखं पितळ पाण्याने कडक होत नाही, पाणी फक्त उष्णता बुडाकडे जायची थांबवतं.

एवढं करूनही फरक राहिला तर मानेच्या आत बघा. पाण्यात बारीक पोलादी पिनांसोबत घुसळून धुतलेलं पितळ आतून कोरडं-करकरीत होतं, बुलेट घासत जाते. चिमूटभर सुकं ग्राफाइट ब्रशने लावलं की सुटतं. एक्स्पांडर, म्हणजे मान आतून रुंदावणारा गोळा, कोरडा ओढत असाल तर तोही मान वाकडी करतो.

बोटाने दाबून आत सरकणारी बुलेट असेल तर ते काडतूस उडवू नका. चेंबरमध्ये जाताना बुलेट आत दबली तर दाब धोक्याइतका वाढू शकतो.

आणि चमकवायला अमोनियावालं पॉलिश वापरू नका. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात तबेल्यात ठेवलेल्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात अडकलेला ताण, दोन्ही मिळून हे होतं, असं १९२१ मध्ये उलगडलं. तुमच्या जुन्या, ताव न दिलेल्या मानांमध्ये तोच ताण आहे.

पाच नव्या आणि पाच जुन्या पुंगळ्यांची मान बुलेट बसवण्याआधी आणि नंतर मोजून आकडे इथे टाका, मग बुशिंगचं बघू.