दाढ दुखायची थांबली, मग रूट कॅनाल कशासाठी?

प्रश्न : रात्रभर ठणकणारी दाढ दोन आठवड्यांपासून शांत आहे. तरीही डॉक्टर रूट कॅनाल करायला सांगतात. त्याची खरोखरच गरज आहे का?

उत्तर : बहुधा आहे, कारण इतकी ठणकलेली दाढ उपचाराविना शांत झाली, तर ती बरी झाली असण्यापेक्षा तिची नस मेली असण्याची शक्यता अधिक. दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गर असतो. त्याला पल्प म्हणतात. कीड तिथवर पोहोचली की त्याला सूज येते, पण भोवती कठीण भिंती असल्यामुळे सुजेला पसरायला वाव मिळत नाही आणि आतला दाब वाढून ठणका लागतो. पुढे पल्प मृत झाला की वेदना थांबते. जंतू मात्र राहतात आणि मुळाच्या टोकातून हाडापर्यंत पोहोचून तिथे पू करतात. थंड पाण्याने आलेली कळ लगेच ओसरत असेल, तर पुष्कळदा साध्या फिलिंगवर भागते. गरम लागल्यावर ती बराच वेळ रेंगाळत असेल, तर सहसा भागत नाही.

प्रश्न : त्याऐवजी अँटिबायोटिकचा कोर्स घेतला तर?

उत्तर : उपयोग होणार नाही. औषध रक्तातून पोहोचते आणि मृत पल्पमध्ये रक्तपुरवठाच नसतो. चेहऱ्यावर सूज किंवा ताप असल्यास ते जोडीला देतात, उपचाराच्या बदल्यात नव्हे.

प्रश्न : या उपचारात नेमके काय करतात? फार दुखते का?

उत्तर : दाताला भूल देऊन, लाळेतले जंतू आत जाऊ नयेत म्हणून त्याभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. मग दाताच्या माथ्यावर छिद्र पाडून फाइल्सनी, म्हणजे कानशीसारख्या बारीक सुयांनी, मुळातल्या नलिका साफ करतात, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने वारंवार धुतात आणि शेवटी गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून त्या बंद करतात. वेळ खातो तो नलिकांचा शोध : वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन असली, तरी चौथी, केसाएवढी नलिका अनेकदा असते, आणि ती राहून गेली तर दाढ पुन्हा त्रास देऊ शकते. म्हणून घाई करणाऱ्यापेक्षा शोधत बसणारा डॉक्टर मला अधिक भरवशाचा वाटतो. दुखण्याबद्दल सांगायचे, तर सुजलेल्या खालच्या दाढेला भूल कधीकधी पुरेशी चढत नाही. अशा वेळी सहन करत न बसता हात वर करावा, भूल वाढवता येते. नंतर काही दिवस चावताना दुखरेपणा राहू शकतो. तो वाढत गेला किंवा सूज आली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : रूट कॅनालनंतर दातावर कॅप, म्हणजे टोपण, बसवलीच पाहिजे का?

उत्तर : दाढेला बहुतेकदा होय. किडीने आणि छिद्राने तिच्या भिंती पातळ झालेल्या असतात आणि चावण्याचा सर्वाधिक भार तिच्यावरच येतो. उभी चीर मुळापर्यंत गेली, तर दाढ काढण्यावाचून पर्याय राहत नाही. फारसा न झिजलेल्या समोरच्या दाताला फिलिंग पुरू शकते. कॅप बसली तरी तिच्या कडेला नवी कीड लागू शकते आणि नस नसल्यामुळे ती दुखून कळत नाही, म्हणून हिरडीलगतची ती कड रोज नीट घासावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढून घ्यावा.